गाडीची चाकं बाहेर काढायच्या आधी

उसाचं बिल खात्यावर जमा झालं, की घरात खर्चाच्या गोष्टी निघतात. विहिरीवरची मोटर, मुलीची फी, घराचा रंग. हल्ली त्यात दारातल्या थारचा नाहीतर जिम्नीचा विषयही निघतो. मुलाने मोबाइलवर कुणाची तरी गाडी पाहिलेली असते. चाकं मडगार्डच्या बाहेर आलेली, गाडी रुंद आणि दणकट दिसणारी. "फार खर्च नाही, नुसते स्पेसर टाकायचेत," असं तो सांगतो.

शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या अशा घरांसाठी हे लिहितोय. गाडी तुमची आहे, पैसाही तुमचा. हौस करू नका असं मी म्हणणार नाही. पण ही हौस चाकाच्या नटांवर उभी आहे, आणि त्याच नटांवर तुमचं सगळं घर बसून देवाला जातं. म्हणून थोडं ऐकून घ्या.

स्पेसर म्हणजे चाक आणि हब यांच्यामध्ये बसवायची धातूची जाड चकती. तिच्या जाडीएवढं चाक बाहेर सरकतं. दोन्ही बाजूंना ३० मिलिमीटरचा स्पेसर टाकला, तर चाकांमधलं अंतर ६० मिलिमीटरने वाढतं. काम एवढंच.

आधी स्वतःला विचारा, हे कशासाठी हवंय?

चिखलात गाडी रुतू नये म्हणून हवं असेल, तर पैसे घरात ठेवा. नांगरलेल्या काळ्या रानात किंवा घोड नदीच्या वाळूत गाडी रुतते ती टायरमुळे, टायरमधल्या हवेमुळे आणि चालवणाऱ्याच्या घाईमुळे. चाक दोन बोटं बाहेर गेलं म्हणून त्याची पकड वाढत नाही. टायरची नक्षी चांगली घ्या. मऊ जमिनीत शिरताना हवा थोडी कमी करा आणि डांबरीवर आल्यावर पुन्हा भरा. हवा भरायचा छोटा पंप गाडीत ठेवा. पावसाळ्यात शेतावर जायचं असेल तर हा पंप स्पेसरपेक्षा कितीतरी कामाला येईल.

दिसण्यासाठी हवं असेल तर ते स्वतःशी कबूल करा. त्यात लाज नाही. पण दिसण्यासाठी किती धोका पत्करायचा, हे मग नीट ठरवता येतं.

खरी गरज एका ठिकाणी असते. कंपनीपेक्षा रुंद टायर घातले आणि स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर ते आतल्या बाजूला घासू लागले, तर चाक थोडं बाहेर घ्यावं लागतं. तिरक्या उतारावर गाडी चालवणाऱ्या हौशी मंडळींनाही रुंदीचा थोडा फायदा होतो. पण अशी माणसं आपल्या भागात बोटांवर मोजण्याइतकी.

"ट्रॅक्टरची चाकं आपण उलटी लावून रुंदी वाढवतोच की," असं काही जण म्हणतात. बरोबर आहे. सरीच्या अंतराप्रमाणे आपण मागची चाकं आत-बाहेर करतो. पण ती सोय ट्रॅक्टर बनवणाऱ्यानेच दिलेली असते आणि पुस्तकात लिहिलेली असते. शिवाय ट्रॅक्टर सोलापूर रोडवर शंभराच्या वेगाने पळत नाही.

आता गाडीवर काय परिणाम होतो ते पाहा.

नाशिकच्या कारखान्यात थार तयार होते, तेव्हा चाकाचा मध्य बेअरिंगपासून कुठे असावा हे मोजून ठरवलेलं असतं. चाक बाहेर गेलं, की खड्ड्याचा तोच धक्का बेअरिंगवर जास्त जोराने बसतो. टॉमीला पाइप लावला की तेवढ्याच ताकदीत अडकलेला नट सुटतो ना, तसंच हे. फक्त इथे सुटायला नको ते सुटतं. बेअरिंग लवकर गुणगुणू लागतं. पुढच्या चाकांना स्पेसर असतील, तर खड्ड्यात स्टेअरिंग हाताला हिसका देतं. ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढू शकते. बॉल जॉइंट आणि टाय रॉडची झीज वाढते.

यात एक गोष्ट समजून घ्या. दुकानदार सांगेल, "स्पेसर नको तर बाहेर निघणारी मॅगव्हील घ्या, बेअरिंगला काही होत नाही." चाक जितकं बाहेर, तितका भार जास्त. मग ते स्पेसरने बाहेर गेलं काय आणि रिमने गेलं काय, बेअरिंगला फरक पडत नाही. रिमचा फायदा एवढाच, की मध्ये जास्तीचा जोड येत नाही. तो फायदा लहान नाही, पण बेअरिंगचं दुखणं त्याने मिटत नाही.

आणि तुमच्या मागे कोण असतं, याचाही विचार करा. मडगार्डबाहेर आलेला टायर चिखल आणि खडी थेट मागे फेकतो. मागून मोटारसायकलवर कुणीतरी बायको-मुलांना घेऊन येत असतं. चासकमानच्या कालव्याच्या कडेचा रस्ता आधीच अरुंद. ऊस भरलेली ट्रॉली समोरून आली, की चार बोटांनी वाचायचं असतं. तिथे तुमचं चाक तुमच्या सवयीपेक्षा बाहेर आलेलं असतं.

कायद्याचं थोडक्यात सांगतो.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२अ आलं. परवानगी नसलेला बदल केल्यास मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. बाहेरून सुटे भाग आणून बसवणंही त्यात येतं.

"आरसीवर चाकांची रुंदी कुठे लिहिलेली असते?" असं दुकानदार विचारेल. त्याच्या बोलण्यावर जाऊ नका. दंडाची पावती त्याच्या नावावर फाटणार नाही. दौंडकरांनी बारामतीच्या आणि शिरूरकरांनी पुण्याच्या आरटीओत आधी विचारावं, आणि उत्तर लेखी मागावं. विमा कंपनीलाही लेखी कळवा. न कळवता केलेल्या बदलावरून अपघाताचा दावा अडकू शकतो. गाडी वॉरंटीत असेल तर वॉरंटीचं पुस्तक उघडून वाचा.

माझं मत विचाराल, तर घरातली एकच गाडी असेल, तीच पुण्याला, तीच दवाखान्यात, तीच लग्नाला जात असेल, तर स्पेसर टाकू नका. शेताच्या बांधावर आणि डोंगरात फिरवायला वेगळी जुनी जीप किंवा जिप्सी असेल, तर गोष्ट निराळी. तरीही टाकायचेच असतील, तर निदान पुढचं सगळं पाळा. यातलं अर्धं पाळून चालत नाही.

स्पेसर दोन प्रकारचे मिळतात. पहिला म्हणजे नुसती चकती. ती मूळ बोल्टांवर सरकवायची आणि वरून चाक लावायचं. यात नटाला धरायला बोल्टाचे आटे कमी उरतात. नट निदान बोल्टाच्या जाडीएवढा तरी आत शिरला पाहिजे. १२ मिलिमीटरचा बोल्ट असेल, तर १२ मिलिमीटर. आटे मोजायचे तर बारीक आट्यांवर नऊ-दहा वेढे, जाड आट्यांवर आठ. दोन-चार वेढ्यांत नट घट्ट झाल्यासारखा वाटला, तरी तो खरा घट्ट नाही. अशी चकती घेऊच नका.

दुसऱ्या प्रकारात स्पेसर स्वतः हबला नटांनी आवळला जातो, आणि त्याच्यातून निघालेल्या नव्या बोल्टांवर चाक बसतं. हा बरा. पण हिशोब लक्षात ठेवा. पाच बोल्टांच्या गाडीला एरवी चारही चाकांचे मिळून २० नट. आता ते ४० झाले. त्यातले २० चाकाच्या मागे लपलेले, चाक उतरवल्याशिवाय दिसतच नाहीत.

विकत घेताना तीन मापं जुळली पाहिजेत.

पहिलं, बोल्टांच्या वर्तुळाचं माप. दुकानात त्याला पीसीडी म्हणतात. जिप्सी, जिम्नी आणि जुनी विलीज धाटणीची जीप, तिन्हींना पाच बोल्ट आणि १३९.७ मिलिमीटरचं वर्तुळ. घरी ताडायचं असेल, तर शेजारच्या दोन बोल्टांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. ८२ मिलिमीटर भरलं पाहिजे.

दुसरं माप आट्यांचं. इथेच लोक फसतात. जिप्सी-जिम्नीचा बोल्ट १२ मिलिमीटरचा, विलीजचा अर्ध्या इंचाचा, म्हणजे १२.७. वर्तुळ तेच असल्याने एकीचा स्पेसर दुसरीवर सरकतो. मग जबरदस्तीने नट चढवला जातो आणि आटे मरतात. जुन्या विलीजच्या तर डाव्या बाजूच्या नटांचे आटे उलटे असतात. हे ठाऊक नसलेला मुलगा नट सोडवायला जातो आणि बोल्टच तोडून बसतो.

तिसरं, मधलं भोक. हबच्या मध्यभागी एक गोल उठाव असतो. तो चाकाच्या मधल्या भोकात बरोबर बसतो आणि चाक मध्यावर राहतं. स्पेसरचं आतलं भोक त्या उठावावर अचूक बसलं पाहिजे, आणि स्पेसरच्या बाहेरच्या अंगालाही चाकासाठी तसाच उठाव हवा. तो नसेल, तर चाक नुसत्या बोल्टांच्या भरवशावर मध्यावर येतं. मग सत्तरच्या पुढे स्टेअरिंग थरथरतं, आणि तुम्ही बॅलन्सिंगवर पैसे घालत बसता.

धातूचंही विचारा. घडीव अ‍ॅल्युमिनियम हवं, ओतीव नको. ओतीव तुकडा आतून पोकळ निघू शकतो आणि न सांगता तडकतो. चांगल्या मालावर ६०६१-टी६ किंवा ७०७५-टी६ असा दर्जा लिहिलेला असतो. आकड्याशिवाय, बिलाशिवाय मिळणारा माल घरी आणू नका.

इथे आपल्या भागातली एक सवय सांगायलाच हवी. रांजणगाव, सणसवाडी, कोरेगाव भीमा या पट्ट्यात लेथ आणि सीएनसीवर काम करणारी मुलं घरोघरी आहेत. हात चांगला, मापं मिळवण्यात हुशार. एखादा मित्र म्हणतो, "कशाला विकत घेता, मी टर्न करून देतो." मित्राची नियत चांगलीच असते. पण त्याच्या हातातला तुकडा कुठल्या अ‍ॅल्युमिनियमचा, हे बहुतेक वेळा त्यालाही माहीत नसतं. भंगारातून उचललेला गोळा आरशासारखा चकचकीत करता येतो, चकाकीने ताकद येत नाही. त्यात बोल्ट दाबून बसवायचे असतात. ते भोक केसभर मोठं झालं, की बोल्ट आत फिरू लागतो. मित्राकडून दाराचं बिजागर करून घ्या, गेटचं चाक करून घ्या. गाडीच्या चाकाखालची वस्तू नको.

जाडी किती घ्यायची? लागेल तेवढीच. पण बोल्टवाला स्पेसर २५ मिलिमीटरपेक्षा पातळ असला, की गाडीचे मूळ बोल्ट त्याच्या बाहेर डोकावतात. चाकाच्या पाठीला त्यांच्यासाठी खोबण नसेल, तर चाक स्पेसरला टेकतच नाही. नट आवळलेले वाटतात, आणि चाक मात्र बोल्टांच्या टोकांवर उभं असतं. हे तपासायची सोपी युक्ती आहे. घरातून कणकेचा गोळा घ्या. प्रत्येक बोल्टाच्या टोकावर थोडी कणीक लावा, चाक हाताने दाबून बसवा आणि काढा. कणीक चिरडून टोक उघडं पडलं असेल, तर तो स्पेसर परत करा. बोल्ट कापून जागा करायचा सल्ला कुणी दिला, तर त्याच्याकडे गाडी ठेवू नका.

बसवायचं काम सपाट, कडक जमिनीवर करा. हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये ठेवा, चाकांना दगड नाही तर लाकडी ठोकळे लावा. गाडी उचलली, की तिच्याखाली स्टँड द्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात घालायचा नाही. मुलांना लांब ठेवा.

चाक काढल्यावर हबचं तोंड तारेच्या ब्रशने घासा. गंज, वाळलेला चिखल, जुना रंग, सगळं काढा. आपल्याकडची काळी माती वाळली की सिमेंटसारखी बसते. तिचा पातळ पापुद्रा जरी मध्ये राहिला, तरी पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये तो चुरा होऊन निघतो आणि नट आपोआप सैल होतात. नट सैल व्हायचं हे मोठं कारण, आणि दुर्लक्षित. स्पेसर बसला की चाकाशी त्याचा होणारा जोडही तसाच स्वच्छ हवा. आट्यांना ग्रीस लावू नका. ग्रीसवर नट घसरत जास्त आवळला जातो आणि बोल्ट ताणला जातो.

नटाचं तोंडही पाहा. काही नट निमुळते, काही सपाट बुडाचे. भोक ज्या आकाराचं, त्याच आकाराचा नट. सपाट भोकात निमुळता नट काठावर टेकतो आणि दोन खड्ड्यांत सैल होतो.

सगळे नट आधी बोटांनी लावा. अडले तर थांबा, काढा, पुन्हा लावा. मग एक सोडून एक, समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे आवळा. शेजारचा शेजारी आवळत गेलात, तर चकती तिरकी बसते.

शेवटचा आवळ टॉर्क पान्ह्यानेच द्या. हवेच्या गनने नाही, पायाने नाही. किती आवळायचं ते गाडीच्या पुस्तकात आणि स्पेसरसोबतच्या कागदावर लिहिलेलं असतं. जिम्नीसारख्या गाडीला तो आकडा १०० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. म्हणजे मीटरभर दांड्याच्या टोकाला साधारण १० किलोचं वजन. आता ८० किलोचा माणूस अर्ध्या मीटरच्या पान्ह्यावर उभा राहिला, तर जोर जातो ४०० च्या घरात. बोल्ट तिथेच आतून ताणतो. तो त्या दिवशी तुटत नाही. यवतजवळ, घाईच्या दिवशी तुटतो. टॉर्क पान्हा काही हजारांत मिळतो. तो घेणं जड वाटत असेल, तर स्पेसरही घेऊ नका.

एकावर एक दोन स्पेसर कधीच लावू नका. एका अ‍ॅक्सलच्या दोन्ही बाजूंना जाडी सारखीच ठेवा.

बसवून झालं, की जॅक काढून गाडी सावकाश फिरवा. स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवा. मग घरातली चार माणसं बसवून पुन्हा वळवा, एखाद्या गतिरोधकावरून न्या. टायर मडगार्डला घासतोय का, ते भरल्या गाडीतच कळतं.

पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर चाक उतरवून आतले नट टॉर्क पान्ह्याने पुन्हा तपासा, मग बाहेरचे. हे काम मेस्त्रीवर सोडू नका. त्याच्याकडे दिवसाला वीस गाड्या येतात, तुमची तारीख त्याच्या लक्षात राहणार नाही. कॅलेंडरवर लिहा. पुढेही ठरावीक दिवसांनी हे चालूच ठेवावं लागतं. स्पेसर असलेली गाडी म्हणजे तुमच्या अंगावर घेतलेलं कायमचं एक काम आहे.

पंक्चर काढून घेताना तिथेच उभे राहा. नव्या नटांचं तोंड मूळ नटांपेक्षा वेगळं असेल, तर चौफुल्यावरच्या पंक्चरवाल्याकडे तो पान्हा नसेल. स्वतःचा गाडीत ठेवा.

आणि ही लक्षणं घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला सांगून ठेवा. हळू चालताना चाकातून टक-टक आवाज. स्टेअरिंगची नवी थरथर. नटाभोवती गंजाची लाल रेघ किंवा काळी भुकटी. यातलं काहीही दिसलं, की गाडी कडेला. रानातून आल्यावर रिमच्या आत चिखल वाळून बसला, तरी गाडी अशीच थरथरते, आणि लोक "चिखल असेल" म्हणून तसेच पुढे जातात. आधी नट पाहा, चिखल नंतर.

चाक निखळलं, तर ते गाडीपेक्षा पुढे पळतं. आषाढी वारीत तुकोबांची पालखी यवत-वरवंडच्या रस्त्याने जाते, तेव्हा कडेला माणसांची रांग असते. एरवीही रांजणगावच्या महागणपतीला चालत जाणारे असतात, शाळा सुटलेली मुलं असतात. तुमच्या गाडीत एअरबॅग असेल, त्यांच्यापुढे काहीच नसतं.

मुलाशी बोलताना एकदम "नाही" म्हणू नका. तो तुमच्या मागे लावून आणेल, आणि तेही स्वस्तातले. त्याला सोबत बसवा, वरची मापं घ्यायला लावा, आरटीओचं आणि विम्याचं उत्तर त्यालाच आणायला सांगा.

ज्यांच्या गाडीला स्पेसर आधीच लागलेले आहेत, त्यांना एक विनंती. कोणी बसवले, कधी बसवले, आतले नट शेवटचे कधी पाहिले, हे सांगता येत नसेल, तर पुढच्या फेरीआधी चारही चाकं उतरवून घ्या. चकतीवर तडा दिसला, बोल्ट हलला, किंवा ती कुठल्या धातूची आहे हेच माहीत नसेल, तर ती काढून मूळ नटांवर चाकं पूर्ववत बसवा. त्यासाठी गाडीचे मूळ नट जपून ठेवलेले असू द्या.